विषयाचा धागा

दर वर्षी १२ ऑगस्ट रोजी देशभर ग्रंथपाल दिन पाळला जातो. सभा होतात, भाषणे होतात आणि डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या तसबिरीस हार घातला जातो. ज्या प्रश्नासाठी या पुरुषाने आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे वेचली तो प्रश्न मात्र आजही ग्रंथालयाच्या दारात उभाच आहे. वाचकास लेखकाचे नाव ठाऊक नाही, ग्रंथाचे नाव ठाऊक नाही. ठाऊक आहे तो केवळ विषय. अशा वाचकाने ग्रंथ शोधावा कसा? संगणकावरील तालिका आल्यापासून हा प्रश्न सुटला, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. हा समज किती भाबडा आहे, हे रंगनाथनांचे चरित्र पाहिले असता ध्यानी येते.

भोसल्यांच्या राज्यामुळे मराठी माणसास परिचित असलेल्या तंजावरच्या मुलखात, शियाळी येथे १८९२ साली त्यांचा जन्म झाला. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले खरे, परंतु त्या एकाकी कामाचा त्यांना इतका उबग आला, की आपल्याला पुन्हा अध्यापनाकडे जाऊ द्यावे, अशी विनवणी त्यांनी लवकरच केली. आधी इंग्लंडात जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे, मग निर्णय घ्यावा, असे ठरले. हा प्रवास त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारा ठरला.

लंडनमध्ये सेयर्स यांच्या हाताखाली शिकत असताना त्यांना तत्कालीन वर्गीकरणातील उणीव जाणवली. अमेरिकेच्या मेलविल ड्युई यांनी १८७६ साली मांडलेल्या दशांश पद्धतीत ज्ञानाचे खण आगाऊ तयार केलेले असत आणि प्रत्येक ग्रंथ त्यांपैकी एका खणात बसवावा लागे. नवा किंवा मिश्र विषय आला, की ओढाताण होई. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की निराळी वस्तू उभी राहते. विषयही असेच घटकांतून जोडता येतील, हा विचार त्यांच्या मनात तेथे रुजला.

या विचारातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. कोणत्याही विषयाचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशा पाच अंगांनी पृथक्करण करता येते, असे त्यांनी पुढे प्रतिपादिले. कोकणातील भातावरील रोगांचे १९५० नंतरचे निवारण, असा विषय घेतला तर भात, रोग, निवारण, कोकण आणि काळ ही त्याची अंगे होत. वर्गांकातील प्रत्येक दुव्यासाठी सूचीत स्वतंत्र नोंद करण्याची शृंखला पद्धतीही त्यांनीच दिली. वाचक कोणत्याही दुव्यापाशी आला तरी त्याला वाट सापडावी, हा तिचा हेतू. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० पासून सुमारे दोन दशके तीच स्वीकारली होती.

त्यांची द्विबिंदू पद्धती थोड्याच ग्रंथालयांनी पत्करली, हे मान्य केले पाहिजे. तिच्यातील वारंवारच्या फेरफारांनी ग्रंथपाल त्रासून जात. परंतु आज संगणकाच्या पडद्यावर विषय, स्थळ, काळ, भाषा अशा कड्यांनी शोध आवळत नेण्याची जी सोय दिसते, तिच्यामागे अंगोपांगांचा हाच विचार आहे. स्वतः रंगनाथनांनी १९४८ च्या मद्रास ग्रंथालय कायद्यासाठी झटून, बंगलोरला १९६२ साली प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारून आणि आपल्या बचतीतून मद्रास विद्यापीठात अध्यासनासाठी देणगी देऊन १९७२ साली जगाचा निरोप घेतला.

आता आपल्या घरी वळू. पणजीतील सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची. गोव्याचा ग्रंथालय कायदा १९९३ चा. आपल्याकडील ग्रंथ मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषांत विखुरलेले आहेत. समजा, एखादा विद्यार्थी खाजन शेतीचा अभ्यास करू पाहतो. तो संगणकावर खाजन हा शब्द लिहितो. ज्या ग्रंथाच्या नावात तो शब्द असेल तेवढाच त्याला दिसतो. बांधांच्या डागडुजीविषयीचा ग्रंथ, मानशींच्या रचनेविषयीचा लेख, गांवकरीच्या हिशेबांचे पोर्तुगीज पुस्तक ही सारी शेजारच्या फळीवर असूनही त्याला दिसत नाहीत. मराठी ग्रंथनाम रोमन लिपीत दोन ठिकाणी दोन रीतींनी नोंदले, तर अडचण दुप्पट होते. या चारही ग्रंथांना एक विषयशीर्षक आणि जवळचे वर्गांक दिले असते, तर भाषेची आणि लिपीची भिंत आड आली नसती. आकड्याला मातृभाषा नसते.

हे काम यंत्र आपण होऊन करीत नाही. ग्रंथ उघडून, चाळून, त्याचा विषय नेमका ठरवून तो नोंदविणारा जाणकार माणूस लागतो. संगणकाच्या खरेदीचे सोहळे होतात. तालिकाकाराची जागा मात्र रिकामी राहिली तरी कोणास खंत वाटत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? सरकारने आणि ग्रंथालय संस्थांनी प्रशिक्षित तालिकाकार नेमावेत, विषयशीर्षकांची समान मराठी-कोकणी यादी तयार करावी, आणि नोंदींची संख्या मोजण्याऐवजी त्यांतून ग्रंथ सापडतात की नाही, याची तपासणी करावी, असे आम्हांला आग्रहाने सुचवावेसे वाटते. ग्रंथपाल दिनाला अर्थ येईल तो यामुळेच.