संत जनाबाई: राबणाऱ्या बाईला देवाची सोबत का लागली?

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सी नामदेव इथून दरवर्षी आषाढीला संत नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते. याच नामदेवांच्या घरात जनाबाई आयुष्यभर राबल्या. त्यांची ओळख मात्र देवाने त्यांचं जातं ओढलं, या चमत्कारापुरतीच उरली आहे. त्यांचे अभंग वाचले तर वेगळंच काही दिसतं.

कोण होत्या जनाबाई?

13व्या शतकात गोदाकाठच्या गंगाखेडला त्यांचा जन्म झाला. (गंगाखेड आज परभणी जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत नर्सीही त्याच जिल्ह्यात होतं.) वडिलांचं नाव दमा, आईचं करुंड. परंपरा सांगते की आई गेल्यावर वडिलांनी लहानग्या जनीला पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी ठेवलं. तिथे ती दासी झाली. दासीला पगार नसतो. जेवण आणि छप्पर, हाच मोबदला.

अभंगांत काय आहे?

त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेण गोळा करणं, सगळं त्यात येतं. पण कामापेक्षा जास्त बोचतो तो एकटेपणा. आई-वडील गेले, आपलं म्हणावं असं कोणी नाही, हे त्या उघड सांगतात.

मग विठ्ठल येतो. तो दळू लागतो, शेणी वेचतो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण तो त्यांना न्हाऊ घालतो, डोक्यातल्या उवा काढतो, वेणी घालतो. हे तर आईचं काम! दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या मुलीला आपलं डोकं कोणीतरी विंचरून द्यावं, एवढंच हवं होतं.

रागही आहे. विठ्ठलाला त्या चक्क शिव्या घालतात. मालकावर राग काढता येत नाही, देवावर काढता येतो.

चोरीचा आळ

विठ्ठलाच्या गळ्यातलं पदक चोरीला गेलं आणि आळ जनाबाईंवर आला, अशी कथा आहे. त्यांना सुळावर द्यायला नेलं, पण सुळाचं पाणी झालं. शेवट चमत्काराचा असला तरी सुरुवात कुठल्याही घरकाम करणाऱ्या बाईला ओळखीची वाटेल. घरात वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे तिला सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो 2008 मध्ये, जनाबाईंनंतर साडेसहाशे वर्षांनी.

परंपरेनुसार 1350 मध्ये नामदेवांच्या कुटुंबासोबत त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली. जवळच्या गोपाळपूरला त्यांचं जातं दाखवतात. गावोगाव पिठाच्या गिरण्या येईपर्यंत पहाटे दळायला बसलेल्या बायका ओव्यांमधून जनीला सोबतीला बोलवत.