संन्यासी सेनानी स्वामी रामानंद तीर्थ

संन्याशाला ज्ञाती नसते; म्हणून स्वामी रामानंद तीर्थांचे अल्पचरित्र कोणत्याही ज्ञातीच्या स्मरणिकेत शोभावे. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते, एवढेच आज घरोघरच्या मुलांस ठाऊक असते. त्यामागे एका शिक्षकाचे आयुष्य आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. शिक्षण सोलापूर, अमळनेर व पुणे येथे झाले. काही काळ त्यांनी कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे हाताखाली काम केले आणि १९२९ साली ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यात, राष्ट्रीय शाळेत, शिक्षक म्हणून आले. पुढे त्यांनी संन्यास घेतला. शाळा मात्र सोडली नाही. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले.

त्या राज्यात शिक्षक असणे म्हणजे काय, हे कळल्यावाचून पुढील उठाव कळणार नाही. बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी व कानडी बोलणारी. माध्यमिक शिक्षण मात्र उर्दूतून. खाजगी शाळा काढण्यास परवानगी लागे. सभा भरविण्याच्या आड गश्ती निशाण ५३ हे फर्मान येई. परक्या भाषेतून हिशेब घोकणारे मूल हे जुलमाचे फार लहान चित्र वाटेल; परंतु ते प्रत्येक घरात रोज संध्याकाळी दिसते, हे जन्मभर खडू हाती धरलेला माणूस जाणतो.

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषद भरली, तेव्हा मागण्या सौम्यच होत्या : मातृभाषेतून शिक्षण, नागरी हक्क आणि निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. सिंहासन उलथावे, असे कोणी म्हणत नव्हते. हे लहान मागणे मान्य झाले असते तर कदाचित इतिहास निराळा घडता. पण १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली! स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला, सत्याग्रह केला व तुरुंगवास पत्करला. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हटल्याबद्दल काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. असंतोष आता तरुणांच्या घरांतून पसरू लागला.

काँग्रेस हे नाव सोडा, मग पाहू, असा सरकारचा रोख होता. काही वडीलधारे नेते त्यास अनुकूल होते. स्वामीजी अडून बसले. नाव सोडणे म्हणजे संस्थानची प्रजा उर्वरित देशापासून तुटली हे कबूल करणे, असे ते मानीत. हा हट्ट अनेकांस अव्यवहारी वाटला; तथापि माझ्या मते चळवळीचा कणा याच हट्टाने ताठ राहिला. बंदी उठली ती १९४६ साली, आठ वर्षांनी.

१९४७ साली निजामाने स्वतंत्र राहण्याचे ठरविले, आणि कालचे अर्जदार आता विलीनीकरण मागू लागले. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये जैसे थे करार झाला. ते सुटले, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे जाळली. सरहद्दीवर छावण्या उभ्या राहून तरुणांनी शस्त्रे उचलली. शेतकरी, वकील, विद्यार्थी सारेच यात ओढले गेले. हा केवळ हिंदूंचा लढा होता, असे म्हणणारांनी शोएबुल्ला खान या संपादकाचे स्मरण ठेवावे. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले. १७ तारखेस निजाम शरण आला. स्वामीजी सुटले.

पुढे ते दोन वेळा लोकसभेवर निवडून आले. ज्या संस्थानासाठी ते झगडले, त्याचेच भाषावार विभाजन व्हावे असा त्यांचा आग्रह होता, व १९५६ साली तसे झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचा देह पडला. नांदेडच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे.