सारा कोणी भरला, खजिना कोणी वाहिला

सरकार लहान करा, कर कमी करा, अशी हाकाटी हल्ली जोरात चालते आणि तिच्या पाठिंब्याला अर्थतज्ज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले जाते. या मंडळींनी बाबासाहेब अर्धेच वाचलेत. पण तो अर्धा भाग चळवळीतल्या आपणही फारसा वाचलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

१८९१ साली महूला जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे रयतेच्या करातून भरलेल्या तिजोरीतून. तिथे त्यांनी अभ्यासाला घेतला तो तिजोरीचाच विषय. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये निघाला. जमीनमहसुलाने शेती पिचली, जकातींनी उद्योग मारले, मिठासारख्या वस्तूवरही कर बसला. आणि जमलेला पैसा लोकांच्या उपयोगी पडला नाही, हा त्यांचा आरोप होता.

१९२७ साली ते मुंबई कौन्सिलात नेमले गेले आणि पहिल्याच अंदाजपत्रकावर त्यांनी शेतसाऱ्याला हात घातला. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत माफी. शेतकऱ्याला मात्र पीक येवो वा बुडो, सारा चुकत नाही. हा कुठला न्याय? त्याच अधिवेशनात त्यांनी दाखवून दिले की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त काढते.

आता महार वतनाकडे पाहा. सारा भरायला कुळांना चावडीवर बोलवायचे ते महाराने, वसुलीचा खजिना तालुक्याला पोचवायचा तोही महाराने. पण त्या खजिन्यातून त्याला पगार नाही! मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. फुकट राबवून घेणारे याहून स्वस्त सरकार जगात कुठे असेल? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते त्यांना पार नेता आले नाही. उलट वतनी जमिनीवरची जुडी वाढली, तेव्हा १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद भरवून त्यांनी सरकारला खडसावले. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचे कायदे इथे लागू नव्हते, वेठबिगार मात्र इथेही होतीच.

म्हणजे गरिबावरचा कर हटवा, हे बाबासाहेब म्हणाले, नि:संशय म्हणाले. आज साबणाच्या वडीवर मोसंबीच्या बागेतला मजूर आणि बागेचा मालक सारखाच कर भरतात, त्याबद्दल लहान सरकारवाले का बोलत नाहीत?

दुसरा अर्धा भाग असा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल तीन लाख रुपये सरकारी तिजोरीतून मंजूर करून घेतले. १९४७ च्या निवेदनात तर शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, अशी मागणी केली. हे काही लहान सरकार नव्हे! राज्यघटना घडवताना मात्र त्यांनी सरकारच्या हिशेबावर महालेखापरीक्षकाची नजर ठेवली, त्याला अत्यंत महत्त्वाचा अधिकारी मानले. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येणार नाही, हे घटनेच्या २६५ व्या कलमात आहे; आम्हा वकिलांना ते रोज लागते.

१९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. जालना, अंबड, भोकरदनकडची पोरे पत्र्याच्या पेट्या घेऊन तिथे गेली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर शिकली.