गोवराचा हिशेब मांडणारे डॉ. पानुम

गोवर आणि देवी हे दोन निराळे रोग आहेत, हे थोर हकीम अल-राझी यांनी हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. परंतु एकदा गोवर येऊन गेला की शरीराला मिळालेले संरक्षण किती वर्षे टिकते? याचा पक्का पुरावा डॉ. पीटर लुडविग पानुम यांनी गोळा केला.

पानुम यांचा जन्म १८२० साली डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर झाला. १८४५ मध्ये ते कोपनहेगन येथे डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची साथ उसळली. सरकारने या पंचविशीतील तरुणाला एका सहकाऱ्यासह तिकडे धाडले.

बेटांवर ७,७८२ लोक राहत होते. त्यांपैकी सहा हजारांहून अधिक आजारी पडले. पानुम गावोगाव फिरले, कोणाला कधी पुरळ उठले याच्या तारखा टिपल्या. संसर्गानंतर १३-१४ दिवसांनी पुरळ दिसते, हे त्यांनी त्यावरून सिद्ध केले.

आधीची साथ १७८१ सालची होती. त्या वेळी गोवर झालेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे पानुम यांना आढळले नाही. तेव्हा सुटलेल्या म्हाताऱ्यांना मात्र आता झाला. मधली ६५ वर्षे बेटांवर रोग नव्हता, तरी संरक्षण टिकून होते. रक्तातील प्रतिपिंडे आणि रोगजंतू ओळखणाऱ्या पेशी हे काम करतात, हे विज्ञानाला पुढे कळले.

पानुम पुढे कील व कोपनहेगन येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, या कथेची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. आजीचे संरक्षण नातवाच्या कामी आले नाही. साथीनंतर जन्मलेली प्रत्येक पिढी उघडीच राहिली होती. आज संरक्षणासाठी आजार सोसावा लागत नाही. लस मोफत मिळते : पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. शंभरातील पंचाण्णव मुलांना दोन्ही मिळाले, तरच साथ अडते. मुंबईत २०२२ साली गोवराने बालकांचे बळी घेतले, तेव्हा लस राहून गेलेल्या मुलांचा प्रश्न पुढे आला. अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावी हंगामात ऊसतोडीची कुटुंबे येतात-जातात. त्यांच्या मुलांचा डोस सहज चुकतो. पालकांनी आपल्या मुलाचे कार्ड पाहावे, आणि शेजारच्या कोपीतल्या मुलाचेही विचारावे.