बी. एफ. स्किनर : शाबासकीची वेळ शिकवणारे शास्त्रज्ञ

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. मुलं दिवसभर त्याला 'बस, बस' म्हणून ओरडतात. पिल्लू मात्र अंगावर उड्या मारतं, चपला पळवतं. शेवटी घरातलं कोणीतरी वर्तमानपत्राची गुंडाळी उचलतं. शिक्षेने प्राणी घाबरतो, पण काय करायचं ते शिकत नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या एका शास्त्रज्ञाची आज आपण माहिती पाहणार आहोत. ते म्हणजे अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर. डी.एड., बी.एड.ला साधक अभिसंधान आणि प्रबलन या शब्दांबरोबर त्यांचं नाव आपण पाठ केलेलं असतं. परीक्षा झाली की मात्र ते विसरून जातो.

जन्म व बालपण

बर्‍हस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहॅना या छोट्या गावात झाला. वडील वकील होते. लहानपणापासून त्यांना काही ना काही यंत्रं बनवण्याचा नाद होता. रात्रीचे कपडे खुंटीला अडकवायची आठवण राहावी म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक युक्तीची पाटीसुद्धा तयार केली होती. शाळेतल्या मेरी ग्रेव्ह्ज या शिक्षिकेमुळे त्यांना साहित्याची गोडी लागली.

लेखक व्हायचं राहून गेलं

१९२६ मध्ये हॅमिल्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते लेखक व्हायचं ठरवून आईवडिलांच्या घरी राहिले. पण मनासारखं काही लिहून होईना. याच काळात त्यांनी पावलोव्ह आणि वॉटसन यांची पुस्तकं वाचली आणि मानसशास्त्राकडे वळले. १९३१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

तिथे त्यांनी एक पेटी बनवली. आत उंदीर, एक दांडी आणि खाद्याच्या गोळ्या. दांडी दाबली की गोळी मिळते. पावलोव्ह यांच्या प्रयोगात घंटा आधी वाजायची आणि मग कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. इथे उंदीर आधी काहीतरी करतो आणि त्याचं फळ त्याला नंतर मिळतं. फळ चांगलं मिळालं तर तीच कृती तो पुन्हा करतो.

या गोळ्या स्किनर स्वतःच तयार करायचे. एका शनिवारी गोळ्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी दर वेळी गोळी न देता मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. तरी उंदीर दांडी दाबतच राहिला! सवय लागल्यावर बक्षीस अधूनमधून दिलं तरी चालतं, हे त्यांना असं काटकसरीतून सापडलं.

कबूतर आणि चेंडू

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मिनियापोलिस येथे एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर काम करत होते. क्षेपणास्त्राला दिशा दाखवायला कबुतरांना शिकवायचं, असा तो प्रकल्प होता. सरकारी निर्णयाची वाट बघता बघता १९४३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. कबूतर चेंडू ढकलेल, मग आपण दाणे देऊ, म्हणून ते थांबले. कबूतर ढिम्म! मग त्यांनी नियम बदलला. कबुतराने चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणे, मग जवळ गेलं की दाणे, मग चोच लागली की दाणे. काही मिनिटांतच चेंडू भिंतींवर आपटू लागला. पूर्ण यशाची वाट न पाहता यशाच्या दिशेने टाकलेल्या प्रत्येक छोट्या पावलाला दाद द्यायची, हे सूत्र तिथे मिळालं.

घरच्या कुत्र्यासाठी धडा

डिसेंबर १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांनी प्राण्यांना कसं शिकवावं यावर सामान्य माणसांसाठी लेख लिहिला. बक्षीस कृतीनंतर लगेच मिळायला हवं, यावर त्यांचा भर होता. आपण खाऊ काढेपर्यंत कुत्रा उठून तिसरंच काही करतो आणि बक्षीस त्या तिसऱ्याच गोष्टीला मिळतं. म्हणून त्यांनी 'टिक' असा आवाज करणारं छोटं खेळणं वापरायला सांगितलं. ही पद्धत वापरून कुत्र्याला 'बस' असं शिकवता येईल :

१. कुत्र्याला थोडी भूक असताना सुरुवात करा. पोळी, पनीर किंवा उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा देऊ नका, ते कुत्र्याला घातक असतात.

२. 'टिक' करा, लगेच तुकडा द्या. असं बऱ्याचदा करा. आवाज झाला की कुत्रा खाऊकडे वळायला लागेल.

३. आता तुकडा नाकासमोरून डोक्यावर, थोडा मागे न्या. मान वर जाते आणि मागचा भाग खाली येतो. थोडा वाकला तरी 'टिक' आणि खाऊ. मग पूर्ण बसला तरच.

४. हे जमू लागलं की मगच 'बस' हा शब्द जोडा. पाच मिनिटांत धडा संपवा.

५. सवय पक्की झाली की खाऊ अधूनमधून द्या. मायेने पाठ थोपटणं मात्र चालू ठेवा.

आता स्वतःकडे बघा. आपण जेवायला बसलो की कुत्रा भुंकतो आणि त्याला गप्प करायला आपण पोळीचा तुकडा टाकतो. म्हणजे भुंकायचं शिक्षण आपणच दिलं! मूल हळू बोलतं तेव्हा आई कामात असते आणि ते किंचाळलं की धावते, तिथेही हेच घडतं. स्किनर यांनी त्या लेखात आई आणि मुलाचं हे उदाहरणही दिलं आहे.

मुलीचा गणिताचा वर्ग

११ नोव्हेंबर १९५३ रोजी स्किनर त्यांची धाकटी मुलगी डेबोरा हिच्या शाळेत पालक म्हणून गेले. चौथीचा गणिताचा तास होता. काही मुलं गणितं सोडवून रिकामी बसली होती, काही अडून बसली होती. बरोबर की चूक हे कोणालाच कळत नव्हतं, कारण कागद तपासून दुसऱ्या दिवशी मिळणार होते. कबुतराला जे लगेच मिळतं ते आपल्या मुलीला दुसऱ्या दिवशी मिळतं, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी शिक्षकांना दोष दिला नाही. एका शिक्षकाला एवढ्या मुलांना लगेच उत्तर देणं शक्यच नाही, हे त्यांना कळत होतं. काही दिवसांतच त्यांनी अध्यापन यंत्राचा पहिला नमुना तयार केला. छोटे प्रश्न, लगेच उत्तर आणि प्रत्येकाची आपापली गती.

मर्यादा आणि अखेर

त्यांच्या विचारांवर टीकाही झाली. त्यांचेच विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं की प्राण्याची उपजत वृत्ती कधीकधी शिकवलेल्या गोष्टीवर मात करते. मूल तर केवळ बक्षिसासाठी शिकत नाही, त्याला कुतूहल असतं, प्रश्न असतात. हे लक्षात ठेवूनच स्किनर वाचावेत. रक्ताच्या कर्करोगाने १८ ऑगस्ट १९९० रोजी त्यांचं निधन झालं. त्याच्या आठच दिवस आधी त्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या सभेत भाषण केलं होतं.

शिक्षक मित्रांनो, आपल्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा कायमच असतो. सगळ्या वह्या त्याच दिवशी तपासून होणार नाहीत, हे मान्य. पण उद्या वर्गात फिरताना ज्याचं गणित नेहमी चुकतं, त्याची एक पायरी जरी बरोबर आली, तरी तिथेच थांबून त्याला सांगा. आणि संध्याकाळी घरी पिल्लू बसलं की लगेच तुकडा द्या. वर्तमानपत्र वाचायलाच ठेवा.