जिग्मे दोरजी वांगचुक : लहान देशाची मोठी ताकद

विद्यार्थी मित्रांनो, मोठं सैन्य नाही, पैसा नाही, समुद्रकिनारासुद्धा नाही. दक्षिणेला भारत, उत्तरेला तिबेट. असा चिमुकला देश टिकतो कसा? हे समजून घ्यायचं असेल, तर भूतानचे तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांचं चरित्र बघा.

ते १९५२ साली गादीवर आले. तेव्हा तिबेट नुकताच चीनच्या ताब्यात गेला होता. १९४९ च्या करारानुसार परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताचा सल्ला घेत असे. भूतान हा वेगळा देश आहे, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्या बाजूने बोलणार तरी कोण?

राजांनी आधी घर सावरलं. १९५३ मध्ये राष्ट्रीय सभा स्थापन केली, पुढे गुलामगिरी बंद केली. १९५८ मध्ये पंडित नेहरू पाहुणे म्हणून आले. गाडीरस्ता नव्हता, म्हणून ते नथू ला खिंड ओलांडून, चुंबी खोऱ्यातून घोड्यावर आणि याकवर बसून पारोला पोहोचले. तिथे त्यांनी भूतानच्या स्वातंत्र्याला भारताचा पाठिंबा जाहीर केला. भारताच्या मदतीने रस्ते झाले, पंचवार्षिक योजना सुरू झाली.

मग एक गंमतच झाली. भूतानने रेशमाची, पोलादाच्या पत्र्याची, इतकंच नव्हे तर रेकॉर्डसारखी वाजणारी टपाल तिकिटं काढली! जगभरातले संग्राहक ती घेऊ लागले. तिकिटाबरोबर देशाचं नावही घरोघरी गेलं, शिवाय परकीय चलन मिळालं.

आता पायऱ्या नीट पाहा. १९६२ मध्ये कोलंबो योजना, १९६९ मध्ये जागतिक टपाल संघ आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ. हे सगळं भारताला न दुखावता, उलट त्याचा पाठिंबा घेऊन. त्याच वर्षी ६ डिसेंबरला भूतानने बांगलादेशाला मान्यता दिली. आता हा छोटा देश दुसऱ्यालाही मान्यता देऊ शकत होता.

१९७२ मध्ये नैरोबी इथे राजांचं निधन झालं. वयाची पंचेचाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. तीन वर्षांनी शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथली परिस्थिती निराळी होती हे खरं. पण सिक्कीमला संयुक्त राष्ट्रसंघात जागा नव्हती, भूतानला होती.

मित्रांनो, शेजारी बदलता येत नाही. पण त्याच्याशी मैत्री ठेवून जगात स्वतःची ओळख निर्माण करता येते. लहान देशाची खरी ताकद तीच.