तेलबंदीशी झुंजलेला कायदेपंडित

डॉ. मोहम्मद मोसादेघ यांचे नाव निघाले की ऑगस्ट १९५३ मधील तेहरानचा उठाव, त्यामागचा अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखात्यांचा हात आणि शहाचे पुनरागमन एवढेच बहुधा बोलले जाते. त्याआधीची सव्वादोन वर्षे मागे पडतात. त्या काळात ब्रिटनने आपले सैन्य न उतरवता, केवळ व्यापार, बँका आणि न्यायालये यांच्या बळावर इराणला शरण आणण्याचा प्रयत्न केला. ज्याला शरण आणायचे तो पंतप्रधान कायद्याचा डॉक्टर होता. आर्थिक निर्बंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार किती आणि अटकाव किती, हा आजही पुरता न सुटलेला प्रश्न या एका आयुष्यात फार ठळकपणे दिसतो.

मोसादेघ यांचा जन्म १८८२ मध्ये तेहरानमध्ये झाला. वडील राज्याच्या हिशेबखात्यातील बडे अधिकारी, तर आई काजार राजघराण्यातील. वडील लवकर वारले आणि खोरासान प्रांताच्या महसुली हिशेबाचे पद कोवळ्या वयातच मुलाकडे आले. आपल्याकडील फडणिशीसारखेच हे घराण्यात चालत आलेले काम होते. आकड्यांशी जडलेले हे नाते पुढे आयुष्यभर टिकले. पॅरिसमध्ये सुरू केलेले शिक्षण प्रकृतीमुळे अर्धवट राहिले. नंतर स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातून त्यांनी १९१४ मध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवली. इस्लामी कायद्यातील मृत्युपत्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. मायदेशी परतताच त्यांनी जी पुस्तिका लिहिली ती परकीयांना मिळालेल्या न्यायालयीन सवलतींवर होती. इराणच्या भूमीवर राहणाऱ्या परकीयाला इराणी न्यायालयाचा कायदा लागू होऊ नये, ही त्या काळची व्यवस्था त्यांना सार्वभौमत्वावरचा डाग वाटे. तीन दशकांनंतरच्या तेलाच्या लढ्याचे बीज या पुस्तिकेत आहे.

अर्थमंत्री, प्रांतांचे गव्हर्नर, परराष्ट्रमंत्री अशी पदे त्यांनी भूषवली. १९२५ मध्ये रेझा खान यांना सिंहासनावर बसवण्याचा ठराव मजलिसमध्ये आला, तेव्हा उघड विरोध करणाऱ्या मोजक्या सदस्यांत ते होते. त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. प्रथम अहमदाबाद या गावच्या आपल्या शेतीवाडीवर राजकीय अज्ञातवास वाट्याला आला आणि १९४० मध्ये बिरजंदचा तुरुंग. तेथून त्यांची सुटका युवराज मोहम्मद रेझा यांच्या रदबदलीमुळे झाली. पुढे याच युवराजाने शहा म्हणून त्यांना तुरुंगात धाडले. रेझा शहा यांच्या पदत्यागानंतर मोसादेघ मजलिसमध्ये परतले आणि १९४४ च्या अखेरीस त्यांनी एक कायदा संमत करून घेतला. मजलिसच्या संमतीवाचून कोणत्याही परकीयाशी तेलसवलतींची बोलणी करण्यास त्याने मंत्र्यांना बंदी केली. तेव्हा त्याचा रोख प्रामुख्याने सोव्हिएत मागणीकडे होता, हे विसरता कामा नये. मोसादेघ केवळ इंग्रजांचे वैरी होते, हे चित्र अपुरे आहे.

तेलाची कथा १९०१ च्या सवलतीपासून सुरू होते. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान येथे तेल लागले, १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेतले आणि १९३३ च्या नव्या कराराने सवलतीची मुदत १९९३ पर्यंत लांबली. अबादान येथे जगातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. मुंबई बंदरातून बोटीने गेलेले असंख्य हिंदी कामगार आणि कारकून तेथे राबले. त्यांत गोमंतकीयही होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तर अशी स्थिती होती, की या कंपनीकडून ब्रिटिश सरकारला करापोटी मिळणारी रक्कम इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीहून मोठी असे. डिसेंबर १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाला अमेरिकी कंपन्यांनी निम्मा नफा देऊ केला, आणि तडजोडीची जी काही वाट उरली होती ती अरुंद झाली. मार्च १९५१ मध्ये मजलिसने आणि पाठोपाठ सिनेटने तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणास मान्यता दिली. एप्रिलअखेर मोसादेघ पंतप्रधान झाले. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात कंपनीच्या दाव्यांच्या भरपाईसाठी तेलाच्या उत्पन्नातील २५ टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवण्याची तरतूद होती. पुढे देशोदेशींच्या न्यायालयांतील वादात ही तरतूद महत्त्वाची ठरली.

ब्रिटनने लष्करी कारवाईचा विचार केला आणि अमेरिकेचा पाठिंबा नाही हे पाहून तो सोडला. मग आर्थिक कोंडी सुरू झाली. तेलवाहू जहाजे अबादानला येईनाशी झाली. इराणी तेल विकत घेणाऱ्यावर खटला भरू, असा इशारा कंपनीने जगभरच्या वृत्तपत्रांतून दिला. सप्टेंबर १९५१ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने इराणच्या पौंडांचे डॉलरमध्ये रूपांतर करण्याची सोय काढून घेतली आणि साखर, पोलाद यांसारख्या वस्तूंची निर्यात थांबवली. ऑक्टोबरच्या आरंभी उरलेले ब्रिटिश कर्मचारी युद्धनौकेतून अबादान सोडून गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ४१ वे कलम आर्थिक संबंध तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेला देते. इराणविरुद्ध परिषदेने असा कोणताही आदेश दिला नव्हता. लादलेले निर्बंध एका राष्ट्राचे आणि एका कंपनीचे होते. त्यांना आंतरराष्ट्रीय समुदायाची मान्यता नव्हती. मात्र एखाद्या राष्ट्राने दुसऱ्याशी व्यापारच करू नये ठरवले, तर त्यास मनाई करणारा स्पष्ट नियमही नव्हता. पुढे १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेचे अनेक वर्तन बेकायदा ठरवले. पण व्यापारबंदीने हस्तक्षेपबंदीच्या रूढ नियमाचा भंग होतो, असे मानण्यास नकार दिला. मोसादेघ यांची लढाई या मोकळ्या जागेत झाली.

गमतीची गोष्ट अशी, की कायद्याचे दरवाजे प्रथम ब्रिटनने ठोठावले. मे १९५१ मध्ये ते हेगच्या न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये कंपनीचे काम पूर्ववत चालू द्यावे अशा आशयाचा अंतरिम आदेश मिळवला. इराणने तो मानला नाही. मग ब्रिटनने सुरक्षा परिषद गाठली. ऑक्टोबरमध्ये थकलेले, आजारी मोसादेघ स्वतः न्यूयॉर्कला गेले. आपल्याच देशातील उद्योगाचा हा अंतर्गत प्रश्न आहे, ही बाजू त्यांनी परिषदेपुढे मांडली. आणि न्यायालय आपल्या अधिकारक्षेत्राविषयी निर्णय देईपर्यंत परिषदेने विषय तहकूब केला.

हेगचे हे न्यायालय गोव्यातील वाचकाला दादरा-नगरहवेलीवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध भरलेल्या खटल्यामुळे ठाऊक आहे. जून १९५२ मध्ये मोसादेघ तेथे जातीने उपस्थित राहिले. इराणची बाजू बेल्जियमचे हेन्री रोलिन यांनी लढवली. मुद्दा तांत्रिक वाटेल, पण निर्णायक होता. इराणने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र ठरावीक काळानंतरच्या, राष्ट्राराष्ट्रांतील तहांपुरते मान्य केले होते, आणि १९३३ चा करार हा सरकार व खासगी कंपनी यांच्यातील होता. तो तह नव्हे, असा निकाल २२ जुलै १९५२ रोजी नऊ विरुद्ध पाच मतांनी लागला. ब्रिटिश न्यायमूर्ती आर्नल्ड मॅकनेअर यांनीही आपल्या सरकारच्या विरुद्ध मत दिले. आदल्याच दिवशी तेहरानच्या रस्त्यांवर माणसे मरून पडली होती. युद्धखाते कोणाकडे असावे, यावरून शहाशी बिनसल्याने मोसादेघ यांनी राजीनामा दिला होता आणि जनतेच्या उठावाने त्यांना पुन्हा सत्तेवर आणले होते.

न्यायालयातील विजयाने एकही पिंप तेल विकले गेले नाही. कंपनीने आता देशोदेशींच्या दिवाणी न्यायालयांकडे मोर्चा वळवला. इराणी तेल घेऊन निघालेले रोझ मेरी हे जहाज जून १९५२ मध्ये ब्रिटिश विमानांच्या धाकाने एडनला वळवण्यात आले. तेथील, म्हणजे ब्रिटिश वसाहतीतील न्यायालयाने जानेवारी १९५३ मध्ये ते तेल कंपनीचेच असल्याचे ठरवले. व्हेनिसच्या न्यायालयाने मात्र कंपनीचा दावा फेटाळला. इदेमित्सू यांच्या निश्शो मारू या जहाजाने अबादानहून आणलेल्या तेलाबाबत टोकियोच्या न्यायालयातही कंपनीला अपयश आले. एकाच राष्ट्रीयीकरणाकडे तीन न्यायालयांनी अशा वेगवेगळ्या नजरेने पाहिले. पण जहाजमालकाला भीती निकालाची नव्हती. खटल्यात जहाज अडकून पडेल, ही त्याची भीती होती. शिवाय जगातील बहुतेक तेलवाहू जहाजे ज्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होती त्या कंपनीच्या बाजूने उभ्या होत्या. इराणने निम्म्या किमतीपर्यंत सवलत देऊनही गिऱ्हाईक फिरकेना. १९५० मध्ये तीन कोटी टनांहून अधिक असलेले उत्पादन जवळजवळ थांबले, आणि ती उणीव कुवेत, सौदी अरेबिया, इराक यांनी भरून काढली. जगाला आपल्या तेलावाचून चालणार नाही, हा मोसादेघ यांचा अंदाज येथे साफ चुकला. जागतिक बँकेची मध्यस्थी फिसकटू देणे, हाही त्यांच्या हट्टाचा भाग म्हणावा लागेल.

तरीही देश कोसळला नाही. आकड्यांत मुरलेला हा पंतप्रधान तेलाविना अर्थव्यवस्था चालवू लागला. आयात कापली, गालिचे, सुका मेवा, कापूस यांच्या निर्यातीवर भर दिला, काही देशांशी वस्तुविनिमयाचे करार केले आणि लोककर्जाचे रोखे काढले. तेवढ्याने भागेना, तेव्हा फारसा गाजावाजा न करता नोटा छापल्या. ते स्वतः पगार घेत नसत, आणि घरच्या लोखंडी पलंगावरून कारभार पाहत. या निर्बंधांची खरी इजा राजकीय होती. सामान्य माणसाचे हाल वाढले तसतसे बाजारपेठेतील आणि धर्मगुरूंमधील साथीदार दुरावले. मोसादेघ यांनी मजलिसकडून विशेषाधिकार घेतले, ते वाढवून घेतले आणि अखेर ऑगस्ट १९५३ मध्ये मजलिसच बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतले. होकाराची व नकाराची मतदानकेंद्रे त्यात वेगळी होती. सनदशीर राज्यासाठी उभी हयात घालवलेल्या माणसाच्या हातून हे घडले, आणि त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

आर्थिक कोंडीने जे साधले नाही ते कटाने साधले. १५ ऑगस्टच्या रात्रीचा पहिला प्रयत्न फसला. १९ ऑगस्टला रणगाडे त्यांच्या घरापर्यंत पोहोचले. भिंत ओलांडून निसटलेले मोसादेघ दुसऱ्या दिवशी स्वाधीन झाले. लष्करी न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. पुढल्याच वर्षी तेल पुन्हा वाहू लागले. राष्ट्रीयीकरण कागदावर कायम राहिले, पण तेलाचा कारभार परदेशी कंपन्यांच्या संघाकडे गेला. त्यात जुन्या कंपनीचा वाटा ४० टक्के, अमेरिकी कंपन्यांचा ४०, शेलचा १४ आणि फ्रेंच कंपनीचा ६ होता. नफ्याची वाटणी निम्मीनिम्मी ठरली. सौदी अरेबियाला डिसेंबर १९५० मध्येच मिळालेला हा वाटा होता.

तुरुंगातून सुटल्यावर मोसादेघ यांना अहमदाबादच्या घरी नजरकैदेत ठेवले गेले. ५ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. जुलै १९५२ च्या उठावात बळी पडलेल्यांच्या शेजारी आपल्याला पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. सरकारने तिला परवानगी दिली नाही. घरातील जेवणाच्या खोलीत त्यांचे दफन झाले.